आशियाई चषकासाठी निवडलेले २६ भारतीय फुटबॉलपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणत्या संघनिवडीबद्दल आहेत?

कतारमध्ये १२ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ या काळात झालेल्या आशियाई चषकासाठी तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी निवडलेल्या भारतीय संघाबद्दल. स्पर्धेच्या नावात २०२३ होतं, खेळली गेली ती २०२४मध्ये. भारत 'ब' गटात होता. १३ जानेवारीला ऑस्ट्रेलियाकडून ०-२, १८ला उझबेकिस्तानकडून ०-३ आणि २३ला सीरियाकडून ०-१ अशी हार झाली. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल. १९८४च्या स्पर्धेतही भारताला एकही गोल करता आला नव्हता, पण तेव्हा इराणशी बरोबरी करून एक गुण तरी मिळवला होता.

या निवडीवर आजही वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. फक्त वादाचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो. 'अमुक का नाही' या प्रश्नाने सुरुवात झाली की खरी अडचण बाजूलाच राहते.

फुटबॉलमध्ये क्रिकेटसारखी निवड समिती असते का?

नाही. क्रिकेटमध्ये निवड समिती संघ जाहीर करते, तिचा अध्यक्ष पत्रकारांना उत्तरं देतो. फुटबॉलच्या राष्ट्रीय संघात यादी मुख्य प्रशिक्षकाची असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची तांत्रिक समिती प्रशिक्षकाच्या नेमणुकीबद्दल शिफारस करते, पण २६ जणांत कोण हे ती ठरवत नाही. त्यामुळे निवडीबद्दलचा प्रश्न प्रशिक्षकाला विचारायचा, आणि त्याला तयारीसाठी किती दिवस व किती सराव सामने मिळाले हा प्रश्न महासंघाला. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात.

संभाव्य यादीपासून अंतिम यादीपर्यंतचा टप्पा कसा असतो?

आधी संभाव्य खेळाडूंची मोठी यादी जाते. या स्पर्धेसाठी ती ५० जणांची होती. मग अंतिम २६, त्यांत किमान तीन गोलरक्षक. भारताची अंतिम यादी ३० डिसेंबर २०२३ला जाहीर झाली. त्यानंतर बदल करायचा तर तो मनाला आलं म्हणून करता येत नाही: दुखापत किंवा आजार असावा लागतो, वैद्यकीय कागद लागतात, आणि तेही संघाच्या पहिल्या सामन्याआधी. स्पर्धा सुरू झाल्यावर 'आता याला बोलवा' ही मागणी निरर्थक असते.

ते २६ जण कोण होते?

गोलरक्षक: गुरप्रीत सिंग संधू, अमरिंदर सिंग, विशाल कैथ.

बचाव: संदेश झिंगन, राहुल भेके, मेहताब सिंग, लालचुंगनुंगा, प्रीतम कोटल, निखिल पुजारी, शुभाशिष बोस, आकाश मिश्रा.

मधली फळी: अनिरुद्ध थापा, ब्रँडन फर्नांडिस, दीपक टांगरी, लालेंगमाविया राल्ते (अपुइया), लिस्टन कुलासो, नाओरेम महेश सिंग, सहल अब्दुल समद, सुरेश सिंग वांगजाम, उदांता सिंग.

आघाडी: सुनील छेत्री, ईशान पंडिता, लालियानझुआला छांगटे, मनवीर सिंग, राहुल के. पी., विक्रम प्रताप सिंग.

या यादीतली सर्वांत मोठी उणीव कोणती?

जाहीर यादीतले 'मधली फळी' आणि 'आघाडी' हे रकाने विसरा आणि प्रत्येक जण मैदानावर प्रत्यक्ष कुठे उभा राहतो त्याप्रमाणे २६ जणांची पुन्हा वाटणी करा. चित्र लगेच बदलतं.

गोलरक्षक ३, बचावपटू ८. मैदानाच्या मधोमध खेळणारे ६: टांगरी, अपुइया, सुरेश, थापा, ब्रँडन, सहल. कडेने खेळणारे ७: छांगटे, मनवीर, महेश, लिस्टन, उदांता, विक्रम प्रताप, राहुल के. पी. आणि गोलसमोर मधोमध उभे राहणारे फक्त २: छेत्री आणि पंडिता.

म्हणजे कडेच्या दोन जागांसाठी सात जण, आणि ज्याने गोल करायचा त्या एका जागेसाठी दोन. त्या दोघांतला एक ३९ वर्षांचा, दुसरा क्लबकडून बहुतेक वेळा शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत बदली म्हणून येणारा. आंतरराष्ट्रीय गोलांचा हिशोब तर याहून बोलका आहे. छेत्रीच्या नावावर त्या वेळी ९३ गोल होते, आणि उरलेल्या २५ जणांपैकी एकाचेही दहा गोल नव्हते.

महेश किंवा विक्रम प्रताप आतल्या बाजूलाही खेळतात, हे खरं. मनवीर तर मुळात स्ट्रायकरच (गोलसमोर मधोमध खेळणारा) होता, मोहन बागानमध्ये तो उजव्या कडेला स्थिरावला. तरीही महिन्यामागून महिना कडेने खेळणारा माणूस एका आठवड्यात मधला स्ट्रायकर होत नाही. दोन सेंटर बॅकच्या (बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या) मध्ये पाठ करून चेंडू घेणं, पहिल्या खांबाकडे धाव घेऊन बचावपटूला ओढून नेणं, क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) येण्याआधी अर्धा सेकंद थांबणं या सवयी दर आठवड्याच्या सामन्यांत घडतात. शिबिरात त्यांची उजळणी होते, नव्याने शिकवायला तिथे वेळ नसतो.

मग स्टिमॅच यांनी आणखी स्ट्रायकर का घेतले नाहीत?

कारण नियमित खेळणारे भारतीय स्ट्रायकर जवळपास नव्हतेच. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२१-२२पासून एका वेळी मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात. आधी पाच चालत. क्लबचा प्रशिक्षक हे चार कुठे वापरतो? बहुतेक वेळा एक सेंटर बॅक, एक-दोन मधल्या फळीत आणि एक हमखास स्ट्रायकर. ज्या जागेवरची चूक सर्वांत महाग पडते तिथे तो परदेशी माणूस ठेवतो. भारतीय खेळाडूला फुल बॅक (बचावाची कड सांभाळणारा), विंगर (पुढे कडेने खेळणारा) आणि गोलरक्षक या जागा मिळतात.

२०१४पासून २०२३-२४पर्यंत आयएसएलच्या एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा मान भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एफसी गोव्याच्या चाहत्यांना हे वेगळं सांगायला नको: त्यांच्या संघातून हा मान कोरोमिनासने दोनदा आणि अँगुलोने एकदा मिळवला, दोघेही स्पेनचे. २०२३-२४चा मानकरी डायमांटाकोस ग्रीसचा. स्टिमॅच यांच्या यादीत सात विंगर आणि दोन स्ट्रायकर दिसतात ते म्हणूनच. लीगच्या मैदानावर जे प्रमाण होतं तेच यादीत उतरलं.

म्हणजे प्रशिक्षकाची काहीच चूक नाही?

आहे. स्ट्रायकरांचा तुटवडा त्यांच्या हातात नव्हता, पण त्यावरचा पर्याय शोधणं त्यांच्याच हातात होतं. २०२३मध्ये संघ बरेच सामने खेळला: इंटरकाँटिनेंटल कप आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकल्या, मग किंग्ज कप, मर्डेका स्पर्धा, विश्वचषक पात्रतेचे दोन सामने. सप्टेंबरमधल्या किंग्ज कपला छेत्री नव्हता, आणि छेत्रीविना खेळायची ती खरी तालीम होती. इराकविरुद्ध २-२ बरोबरी होऊन पेनल्टीवर हार, मग लेबननकडून ०-१. त्या दोन सामन्यांतून मिळालेल्या धड्यावर पुढे काम झालेलं दिसत नाही. आशियाई चषकात तिन्ही सामन्यांची सुरुवात पुन्हा छेत्रीनेच झाली.

स्टिमॅच यांना विचारायचा नेमका प्रश्न हा आहे: सातवा विंगर नेण्याऐवजी, वर्षभर एका विंगरला मधोमध खेळवून तयार का केलं नाही?

छेत्रीला बाहेर बसवायला हवं होतं का?

आमच्या मते नाही. त्याच्यावर ९० मिनिटांचा भार टाकणं मात्र टाळायला हवं होतं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत निखिल पुजारीच्या क्रॉसवर छेत्रीने मारलेलं हेडर खांबाबाहेरून गेलं, आणि त्या सामन्यातली ती भारताची सर्वांत चांगली संधी होती. तिथे वेळेवर पोचणारा संघात दुसरा कोणी नव्हता, म्हणजे निवड योग्यच. प्रश्न साठाव्या मिनिटानंतरचा आहे. दोन दमदार सेंटर बॅकवर सतत धावून जाणं, चेंडू गमावला की पहिला दबाव टाकणं हे ३९व्या वर्षी पाच दिवसांच्या अंतराने तीनदा करायला लावलं, तर तिसऱ्या सामन्यात पाय जड होणारच.

अन्वर अली, जॅक्सन सिंग, आशिक कुरुनियन नसल्याने किती फरक पडला?

बराच, आणि तिघांमुळे वेगवेगळा. तिघेही दुखापतींमुळे उपलब्ध नव्हते, 'वगळले' गेले नव्हते. हा फरक वाद घालताना अनेकदा विसरला जातो.

अन्वर हा मागून लांब आणि अचूक पास देणारा सेंटर बॅक. २०२३च्या विजयांत झिंगनशी त्याची जोडी जमली होती. त्याच्या जागी राहुल भेके आला. भेके अनुभवी आहे, हवेत चांगला आहे, पण मधली फळी ओलांडून थेट विंगरच्या पायात चेंडू टाकणं ही त्याची खासियत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याने वर येऊन दाबलं की गुरप्रीतला चेंडू लांब भिरकावण्यापलीकडे मार्ग उरेना.

जॅक्सन बचावफळीच्या पुढे उभा राहून दोन सेंटर बॅकमधली फट झाकायचा. तो नसल्याने ते काम टांगरी आणि अपुइया यांच्यात वाटलं गेलं. टांगरी या पातळीवर नवखा होता. उझबेकिस्तानने चौथ्या आणि अठराव्या मिनिटाला गोल केले, तिसरा मध्यंतराआधीच्या जादा वेळेत. पूर्वार्धातच तीन गोल खाणाऱ्या संघाची मधली फळी आणि बचाव यांच्यातलं अंतर हाताबाहेर गेलेलं असतं.

आशिकचं नुकसान कमी चर्चिलं गेलं, पण ते मोठं आहे. छांगटे आणि मनवीर दोघेही क्लबकडून मुख्यतः उजव्या बाजूने खेळतात. डाव्या बाजूला धावून बचावालाही मागे येणारा खेळाडू म्हणजे आशिक. तो नसला की दोघांपैकी एकाला सवयीची बाजू सोडावी लागते.

पूर्ण तंदुरुस्त नसलेल्या खेळाडूला का घेतात? सहलचं काय झालं?

२६ जणांची यादी असण्याचा हेतूच हा की एक-दोन जागांवर असा धोका पत्करता यावा. गणित सोपं आहे. अकरा जागांना प्रत्येकी दोन म्हणजे २२, वर तिसरा गोलरक्षक म्हणजे २३. उरतात तीन. त्या तीन जागांवर प्रशिक्षक एखादा तरुण, एखादा खास कामाचा माणूस किंवा गट-सामन्यांच्या शेवटी बरा होऊ शकणारा खेळाडू नेतो.

सहल घोट्याच्या दुखापतीतून सावरत होता. पहिल्या दोन सामन्यांत तो नव्हता, सीरियाविरुद्ध बदली म्हणून आला. बचावाच्या गर्दीत चेंडू पायाशी ठेवून वळणारे भारताकडे फार थोडे, त्यामुळे त्याला नेणं समर्थनीय होतं. अशा निवडीबद्दल तीन गोष्टी विचारायच्या: कोणत्या सामन्यापर्यंत तो तयार होईल असा अंदाज होता, तोवर त्याचं काम करणारा दुसरा कोण होता, आणि तो आला तेव्हा सामन्यात काही वाचवण्यासारखं उरलं होतं का.

तयारीला किती दिवस मिळाले?

दोन आठवडे. आयएसएलचे सामने २९ डिसेंबरपर्यंत चालू होते, संघ ३० डिसेंबरला दोहाकडे निघाला, पहिला सामना १३ जानेवारीला. स्टिमॅच यांनी चार आठवड्यांचं शिबिर मागितलं होतं.

याच्याशी तुलना करायची ती २०२३च्या उन्हाळ्याशी. तेव्हा मेच्या मध्यापासून भुवनेश्वरला शिबिर झालं आणि त्यानंतर संघाने दोन स्पर्धा जिंकल्या. प्रतिस्पर्धी सोपे होते हे मान्य, तरी एकत्र घालवलेल्या दिवसांचा परिणाम मैदानावर दिसत होता.

क्लबांवर खेळाडू सोडण्याची सक्ती फिफाच्या दिनदर्शिकेत ठरलेल्या दिवसांपुरतीच असते. त्याबाहेरचं शिबिर म्हणजे क्लबची मर्जी. सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धांना हेच झालं: क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत, संघ आयत्या वेळी जमवला आणि पहिल्याच सामन्यात चीनने १-५ असं हरवलं. लीगचं वेळापत्रक ठरवताना राष्ट्रीय संघाचे दिवस आधीच राखून ठेवणं हे महासंघाचं काम. ते न करता नंतर क्लबांकडे विनवण्या करण्यात काही अर्थ नसतो.

मुंबई आणि गोव्याचा या संघात किती वाटा होता?

मोठा. मुंबई सिटीचे सहा: आकाश मिश्रा, मेहताब, भेके, अपुइया, छांगटे, विक्रम प्रताप. एफसी गोव्याचे तीन: झिंगन, ब्रँडन, उदांता. म्हणजे २६ पैकी ९ जण या दोन क्लबांचे. मोहन बागानचे सात धरले तर बागान आणि मुंबई मिळून निम्मा संघ होतो. मातीचा विचार केला तर ब्रँडन आणि लिस्टन गोव्याचे, भेके आणि पुजारी मुंबईचे.

यात एक धोका लपलेला असतो. एका क्लबचे सहा-सात जण घेतले की त्या क्लबची अवस्थाही सोबत येते. डिसेंबर २०२३च्या उत्तरार्धात बागान मुंबई, गोवा आणि केरळ यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला आणि जानेवारीच्या सुरुवातीला त्यांचा प्रशिक्षक बदलला. मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात तर सात लाल कार्डं दाखवली गेली. क्लबमधलं निलंबन राष्ट्रीय सामन्याला लागू होत नाही, पण स्पर्धेच्या तोंडावरचे क्लबचे सामने हुकतात आणि खेळाडू सरावाची मिनिटं गमावतो.

परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू का घेतले नाहीत?

कायद्यामुळे. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यामुळे खेळाडूला आपला पासपोर्ट सोडावा लागतो, आणि युरोपात खेळणाऱ्याला तो पासपोर्ट म्हणजेच रोजगाराचा परवाना असतो. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने ते केलं. पुणे एफसीकडून खेळत असताना तो भारतीय नागरिक झाला आणि २०१३मध्ये भारताकडून खेळला. हा रस्ता वर्षानुवर्षांचा आहे, एका स्पर्धेच्या निवडीत तो मोजायचा नसतो.

एका सामन्याने चित्र बदललं असतं का?

हो, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. २४ संघांच्या स्पर्धेत सहा गटांतले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे चार सर्वोत्तम संघ पुढे जातात. इंडोनेशिया तीन गुणांवर आणि उणे ३ गोलफरकाने पुढे गेला. चीन आणि ओमान आपापल्या गटांत तिसरे, प्रत्येकी दोन गुण. भारताने सीरियाला १-०ने हरवलं असतं तर तीन गुणांसह गटात तिसरं स्थान आणि बाद फेरी मिळाली असती, आधीचे पाच गोल खाऊनसुद्धा. ७६व्या मिनिटापर्यंत तो सामना ०-० होता. मग बदली म्हणून आलेल्या ओमर ख्रिबिनने सीरियाचा गोल केला.

सीरियाने निर्णायक वेळी राखीव बाकावरून एक स्ट्रायकर आणला आणि त्याने सामना जिंकून दिला. भारताच्या बाकावर तेव्हा विंगर भरपूर होते.

यादी जाहीर झाल्यावर ती स्वतः कशी तपासावी?

कागद घ्या, संघ ज्या रचनेत खेळतो ती काढा, ४-३-३ (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे) असेल तर गोलरक्षक धरून अकरा चौकोन. प्रत्येक चौकोनात दोन नावं लिहा. एक नाव दोन चौकोनांत लिहायची वेळ आली तर त्याभोवती वर्तुळ करा. तीनपेक्षा जास्त वर्तुळं झाली तर दोन दुखापतींत संघाची रचना मोडेल.

मग प्रत्येकाच्या क्लबच्या शेवटच्या दहा सामन्यांतली मिनिटं मांडा. पूर्ण खेळलेल्याची ९०० होतात. ४५०च्या खाली असलेला खेळाडू पहिल्या अकरात दिसत असेल तर कारण विचारायला हवं. गोलरक्षक आणि सेंटर बॅकच्या बाबतीत हे जास्त कडकपणे पाहा, कारण त्यांचा अंदाज सामन्यांवाचून बोथट होतो.

त्यानंतर बाजू: क्लबकडून कोणत्या बाजूने, देशाकडून कोणत्या? पुजारी मूळचा विंगर, नंतर राइट बॅक झाला, तोही क्लबमध्येच, त्यामुळे राष्ट्रीय संघात त्याला तिथे खेळवणं रास्त होतं. उलट, बदल राष्ट्रीय संघातच पहिल्यांदा होत असेल तर सावध व्हा.

शेवटी कॉर्नर आणि फ्री किक. कोण मारणार, आणि तो बाहेर गेल्यावर कोण मारणार? गोल होत नसतील तेव्हा कमकुवत संघाला हाच एक स्वस्त मार्ग असतो. ब्रँडनला निवडण्याचं मोठं कारण त्याचा हा पाय होता. त्यामुळे तो बाकावर असताना कॉर्नर कोणाकडे जातात, हे पाहायलाच हवं.

वगळलेल्या खेळाडूचं नाव यानंतर घ्यायचं, आणि ते घेताना 'कोणाऐवजी' हेही सांगायचं. सत्ताविसावी जागा नसते.

निकाल लागल्यावर टीका करणं रास्त आहे का?

जी उणीव यादी जाहीर झाली त्या दिवशी दिसत होती, तिच्याबद्दल नंतर बोलणं पूर्ण रास्त आहे. सात विंगर आणि दोन स्ट्रायकर ३० डिसेंबरलाही मोजता येत होते. गुरप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५०व्या मिनिटाला क्रॉसवरचा चेंडू नीट दूर न ढकलल्याने जॅक्सन अर्विनला गोल करता आला. ती खेळातली चूक, निवडीतली नव्हे. त्या एका चुकीवरून 'अमरिंदरला का नाही खेळवलं' असं विचारणं गुरप्रीतवर अन्याय आहे.

त्यानंतर काय झालं?

स्टिमॅच यांनी विश्वचषक पात्रता हेच मोठं उद्दिष्ट असल्याचं सांगितलं होतं. २६ मार्च २०२४ला गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला २-१ हरवलं. भारताचा एकमेव गोल छेत्रीचा, पेनल्टीवर. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० आणि छेत्रीचा निरोप, ११ जूनला कतारकडून १-२. १७ जूनला स्टिमॅच यांना काढलं. त्यानंतर एफसी गोव्याचे मानोलो मार्केझ आले, आणि मार्च २०२५मध्ये मालदीवविरुद्ध छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं गेलं. त्याने त्या सामन्यात गोलही केला. ऑगस्ट २०२५मध्ये सूत्रं मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या खालिद जमील यांच्याकडे गेली. १४ ऑक्टोबर २०२५ला गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ हरून भारत २०२७च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. छांगटेने त्या सामन्यात भारताला आघाडी मिळवून दिली होती.